विचारणा ज्या भाषेत, उत्तर त्याच भाषेत: बेळगाव सीमाभागातल्या छोट्या धंद्यासाठी ऑनलाइन जाहिरात

उन्हाळ्याचे दोन महिने आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात सतत ठसका असतो. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, त्यात भाजलेलं खोबरं, धणे, तीळ, लसूण घालून कांडप करून आणलेली वर्षाची चटणी. सासूबाई हे काम माझ्या लग्नाच्या आधीपासून करतात. त्यांचं गिऱ्हाईक तोंडोतोंडी आलेलं. एका घरात डबा गेला की पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून तीन डब्यांची मागणी. मी सून म्हणून आले आणि फोनवरचं सगळं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या वर्षी मी फेसबुकवर पेज उघडलं, लोगो करून घेतला, रोज सकाळी एक सुविचार आणि सणाला शुभेच्छा टाकल्या. लाइक येत होते. पण त्या पेजवरून वर्षभरात चटणीचा एक डबाही गेला नाही. त्याच काळात सासूबाईंच्या साध्या फोनमधल्या शंभर-सव्वाशे नंबरांवर मात्र सगळा माल संपला. तेव्हापासून मी लाइक मोजायचे सोडले आणि विचारणा मोजायला लागले. पुढे शहापूरच्या साडीवाल्या काकांना, अनगोळच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना, निपाणीतल्या मावसभावाच्या बेकरीला हेच काम लावून दिलं. ज्या क्रमानं करून दिलं, त्याच क्रमानं सांगते.

आधी पंधरा दिवस वही

फोन बाजूला ठेवा, दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक विचारणा लिहा. तारीख, नाव, गाव, काय विचारलं, आपल्याबद्दल कुठून कळलं, कोणत्या भाषेत बोलले, घेतलं की नाही. "कुठून कळलं?" हे विचारायला लाजू नका. "ताई, आमचा नंबर कुणी दिला हो?" एवढं विचारलं की माणूस आनंदानं सांगतो.

पंधरा दिवसांनी त्या वहीतून तुमच्या धंद्याचा नकाशा दिसतो. आमच्या वहीत दोन गोष्टी दिसल्या. नवीन गिऱ्हाईक बहुतेक जुन्या गिऱ्हाइकाच्या नात्यातलं होतं, म्हणजे कुणीतरी आमचा मेसेज पुढे पाठवला होता. आणि दर चार माणसांत एक जण कन्नडमध्ये विचारत होता, ज्याला मी हिंदीत उत्तर देत होते. यातली दुसरी गोष्ट मला वही लिहीपर्यंत कळलीच नव्हती.

गुगल नकाशावर दुकान

दुकान, वर्कशॉप, क्लिनिक, खानावळ, असं गिऱ्हाईक चालत येतं तिथलं पहिलं ऑनलाइन काम हेच. पैसे लागत नाहीत. गुगल बिझनेस प्रोफाइल काढायचं. नाव, प्रकार, पत्ता, फोन, वेळ भरायची. मग गुगल पडताळणी मागतं, आजकाल बहुतेक वेळा व्हिडिओवर. हा व्हिडिओ एका दमात, न थांबवता काढायचा असतो. आधी रस्ता आणि शेजारची ओळखीची खूण, मग दुकानाची पाटी, मग आतला माल किंवा यंत्र, आणि शेवटी दुकान तुमचंच आहे हे दिसेल असं काही, म्हणजे कुलूप उघडणं, गल्ला उघडणं, नावाचं बिलबुक. गणपत गल्ली किंवा खडेबाजारासारख्या गर्दीच्या ठिकाणी हे सकाळी दुकान उघडतानाच उरका. दुपारी माणसं आडवी येतात आणि पाटी दिसत नाही.

नाव जे पाटीवर आहे तेच द्या. "बेस्ट साडी शॉप होलसेल रेट" अशी शेपटं नावाला जोडू नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पाटीचा विषय निघालाच आहे तर, कर्नाटकात २०२४ च्या कायदेदुरुस्तीनुसार पाटीवर ६० टक्के कन्नड असावं लागतं. ते पाटीचं झालं. तुमच्या व्हॉट्सॲपवर, रीलवर कोणती भाषा असावी हे तुमचं गिऱ्हाईक ठरवतं.

घरून धंदा करत असाल, गिऱ्हाईक घरी येऊ नये असं वाटत असेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. आमच्यासारख्या घरगुती कामाला हेच बरं. परका माणूस दारात येऊन उभा राहत नाही.

फोटो किमान दहा टाका. त्यात एक समोरच्या रस्त्यावरून काढलेला हवाच, कारण खेड्यातून आलेला माणूस नकाशा बघून गल्लीपर्यंत येतो आणि तिथे दुकान शोधत फिरतो. आठवड्याची सुट्टी आणि सणाच्या वेळा आधी बदलून ठेवा. सुट्टीच्या दिवशी "उघडं आहे" असं दिसलं आणि बैलहोंगलहून आलेल्या माणसाला शटर बंद दिसलं, तर तो पुन्हा येत नाही.

रिव्ह्यू मागायची एकच खरी वेळ असते. गिऱ्हाईक माल हातात घेऊन हसलं की. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक मिळते, तिचा क्यूआर छापून गल्ल्याजवळ चिकटवा. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू मागू नका, ते नियमाविरुद्ध आहे. वाईट रिव्ह्यू आला तर एक दिवस थांबून उत्तर द्या. "तुम्हाला त्रास झाला, पुढच्या वेळी या, बदलून देतो" इतकंच. वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं.

व्हॉट्सॲप बिझनेस: खरा धंदा इथेच

घरचा नंबर वेगळा, धंद्याचा नंबर वेगळा. नवीन सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. ॲप फुकट आहे. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी पिन लावून घ्या, म्हणजे ओटीपी कुणाच्या हाती गेला तरी अकाउंट सहज पळवता येत नाही.

मग कॅटलॉग. त्यात ५०० पर्यंत वस्तू बसतात, पण सुरुवातीला आठ-दहाच घाला. प्रत्येक वस्तूला फोटो, वजन, भाव. भाव लिहाच. "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मी माणसं मेसेज करत नाहीत, महाग असणार असं गृहीत धरतात. साडी असेल तर लांबी किती, ब्लाउजपीस आहे की नाही, धुवायची कशी, हे वस्तूखालीच लिहा. काकांना रोज हेच तीन प्रश्न वीस वेळा येत होते.

रोज येणाऱ्या प्रश्नांसाठी झटपट उत्तरं तयार ठेवता येतात. तिरकी रेघ टाकून एक शब्द लिहिला की पूर्ण उत्तर येतं. माझ्याकडे सात आहेत: भाव, पत्ता, पार्सल खर्च, किती दिवस टिकते, पैसे कुठे पाठवायचे, माल संपला, आणि आभार. यातलं प्रत्येक उत्तर मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक. नव्या माणसाला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेजही लावा, पण तो दोन ओळींचा असू द्या. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आणि चौदा दिवस बोलणं नसलेल्याला तो जातो, त्यामुळे जुन्या गिऱ्हाइकालाही कधीकधी तोच दिसतो. "आमच्या संस्थेत आपले हार्दिक स्वागत" असं वाचून वीस वर्षांची ओळख असलेल्या मावशींना परकं वाटतं. आमचा मेसेज असा आहे: "नमस्कार, नमस्कार री. चटणी-मसाला हवा असेल तर किती किलो ते लिहा, संध्याकाळपर्यंत उत्तर देते."

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लेबल लावायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. मी पाच वापरते: मराठी, कन्नड, पैसे बाकी, पार्सल गेलं, पुढच्या वर्षी विचारा. हे शेवटचं लेबल सोन्यासारखं आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आता ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा पाठवणं. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि तुमचा नंबर ज्यांनी आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. इथे बहुतेकांचं काम फसतं. दोनशे जणांना पाठवला, पोचला चाळीस जणांना. म्हणून माल हातात देतानाच सांगायचं, "काकू, नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की कळवते." पार्सलमध्येही चिठ्ठी घालते: नाव, नंबर, आणि "सेव्ह करा" एवढंच. स्टेटसचंही तेच, दोघांनी एकमेकांचा नंबर ठेवलेला असेल तरच दिसतं. तरीही स्टेटस माझं आवडतं आहे. ते कुणाच्या फोनवर घंटी वाजवत नाही, ज्याला बघायचं तो बघतो. रोज तीन स्टेटसपेक्षा जास्त टाकू नका.

ब्रॉडकास्ट महिन्यातून दोनदा पुरे. आणि ज्यानं "नको" म्हटलं त्याला त्याच क्षणी यादीतून काढा. चार माणसांनी वैतागून रिपोर्ट केलं तर नंबरच बंद पडू शकतो, आणि धंद्याचा नंबर बंद पडणं म्हणजे दुकानाला टाळं लागल्यासारखंच.

ग्रुप काढू नका असं माझं मत आहे. ग्रुपमध्ये एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, बायका संकोचतात, आणि आठ दिवसांत कुणीतरी प्लॉटची जाहिरात टाकतं.

भाषा: इथे थांबून विचार करा

पुण्यातल्या दुकानदारासाठी लिहिलेला सल्ला आपल्याला नेमका इथे अपुरा पडतो. आपल्या एकाच दुकानात सकाळी येळ्ळूरचा शेतकरी मराठीत, दुपारी गोकाकची शिक्षिका कन्नडमध्ये, संध्याकाळी कॅम्पातलं कुटुंब उर्दू-हिंदीत आणि शनिवारी गोव्याचं गिऱ्हाईक कोकणीत बोलतं. काउंटरवर आपण हे सगळं न अडखळता सांभाळतो. भाषा बदलतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. फोनवर गेलो की मात्र इंग्रजी पोस्टर करून बसतो.

मी असं करते. एका पोस्टरवर एकच भाषा. एकाच चित्रात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही कोंबली की अक्षरं मुंगीएवढी होतात आणि कुणीच वाचत नाही. चित्र तेच, वरची ओळ बदलून दोन प्रती. मराठी लेबलच्या यादीला मराठी, कन्नडच्या यादीला कन्नड. स्टेटसवर आधी एक, मागोमाग दुसरं.

कन्नड लिहिताना ॲपमधल्या भाषांतरावर विसंबू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. शेजारच्या कन्नड काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "हे पेपरातलं कन्नड आहे गं, आमच्याकडे असं कोण बोलतं? एष्टु री, असं विचारतात, तसंच लिही." तेव्हापासून माझी कन्नड ओळ त्याच सांगतात, मी फोनच्या कीबोर्डवर कन्नड निवडून बोलून टाइप करते आणि पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवते. बदल्यात दिवाळीला चटणीचा डबा. मराठी दुकानदाराला एक कन्नड जाणणारा शेजारी आणि कन्नड दुकानदाराला एक मराठी शेजारी लागतोच, आणि आपल्याकडे तो भिंतीला भिंत लागून राहतो.

मराठी-मराठीतही फरक आहे. आपल्याकडे "चटणी" म्हटलं की वर्षाची मसाल्याची चटणी डोळ्यांपुढे येते. पुण्या-मुंबईच्या बाईला चटणी म्हणजे शेंगदाण्याची, नाहीतर डोशाबरोबरची ओली. सुरुवातीला पुण्याहून दोन जणींनी "ही भाकरीबरोबर तशीच खायची का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता बाहेरगावच्या कॅटलॉगमध्ये "बेळगावी चटणी (भाजी-आमटीत घालायचा मसाला)" असं लिहिते. तुमच्या मालाला गावाबाहेर काय म्हणतात हे एकदा तिथल्या नातेवाइकाला विचारून घ्या.

सणांचंही तसंच. पाडवा आणि युगादी एकाच दिवशी, संक्रांतीला एका घरात तिळगूळ तर दुसऱ्यात एळ्ळु-बेल्ल, नागपंचमीला उत्तर कर्नाटकात उंड्यांची (लाडवांची) केवढी धामधूम. एकाच दिवशी दोन शुभेच्छा द्यायला मिळतात, दोन्ही मनापासून द्या.

आणि शहराचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण बाहेरगावी गेलेली आपली माणसं इंग्रजीत आजही जुन्याच स्पेलिंगनं शोधतात. इन्स्टाग्रामच्या ओळखीत, पोस्टच्या मजकुरात आणि हॅशटॅगमध्ये जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग (Belgaum आणि Belagavi) लिहा. चिकोडी, हुक्केरी, खानापूर अशी तालुक्यांची नावंही टाका. "कर्नाटक" एवढंच लिहून कुणी तुमच्यापर्यंत पोचत नाही.

फोटो आणि रील

महागडा फोन लागत नाही. लागते ती खिडकी. आमच्या पूर्वेच्या खोलीत सकाळी नऊच्या सुमारास ऊन भिंतीवरून सरकलेलं असतं, पण उजेड भरपूर असतो. तेव्हा मी खिडकीपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवते, त्यावर जुनं सुती लुगडं घडी करून, त्यावर पितळी वाटीत चटणी. स्टीलची वाटी नको, तिच्यात माझाच हात आणि फोन दिसतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करते, म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. खोलीतला पिवळा दिवा बंद. त्या दिव्याखाली लालभडक चटणी तपकिरी दिसते आणि गिऱ्हाइकाला ती जुनी वाटते.

फोनची काच पदरानं पुसायची. मग पडद्यावर चटणीवर बोट ठेवायचं, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढायचं. लाल रंग फटफटीत न होता भरीव येतो. वरून एक, जवळून एक, आणि चिमटीत घेतलेला एक. या तिसऱ्या फोटोवरच सगळ्यात जास्त विचारणा येते, कारण दळण जाडं आहे की बारीक हे त्यात कळतं. प्लास्टिकच्या पाकिटाचा फोटो मी टाळते, चकाकतो. पाकीट दाखवायचंच तर किंचित तिरकं धरून.

रंगाला फिल्टर लावू नका. साडीच्या धंद्यात तर हे पाप आहे. फोटोत मोरपंखी आणि घरी पोचल्यावर हिरवी निघाली, तर साडी परत येते आणि पार्सलचा दोन्ही बाजूंचा खर्च अंगावर पडतो. काका आता प्रत्येक साडी सकाळी दारात उजेडात धरून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढतात: आधी काठ, मग पदर, मग घडी उलगडून मधलं अंग. परत येणाऱ्या साड्या कमी झाल्या.

रीलसाठी वेगळं काही करायची गरज नाही, काम चालू असताना फोन उभा धरा. गच्चीवर वाळणाऱ्या मिरच्या, कढईत तडतडणारं खोबरं, मागावरचा धोटा, खापरावर भाजला जाणारा मांडा, कढईत घोटला जाणारा कुंदा. पहिल्या दोन सेकंदांत हालचाल दिसली पाहिजे. वीस-तीस सेकंद पुरे. आवाज तुमचाच असू द्या. बिझनेस अकाउंटला बरीच चित्रपटगीतं वापरता येत नाहीत आणि वापरली तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. तसंही कढईचा आवाज आणि आपल्या बेळगावी बोलीतलं "बघा की, कसा रंग आलाय" याच्यासमोर गाणं फिकं पडतं. रीलखाली व्हॉट्सॲप नंबर आणि गाव लिहायला विसरू नका.

अथणी-निपाणीकडच्या चपला करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपलं बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूरही आहे. म्हणजे ही चप्पल आपल्या भागाचीही तितकीच आहे, हे रीलमध्ये अभिमानानं सांगा. मात्र मानांकनाचं चिन्ह छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते. कातडं कमावण्यापासून वेणी विणण्यापर्यंतचं काम हातानं कसं होतं हे दाखवणं, हीच सगळ्यात मोठी जाहिरात.

फेसबुक, इन्स्टाग्राम, आणि ज्यांना हे दोन्ही नको

दोन्हीकडे अकाउंट काढा पण एकाकडेच मन लावा. गिऱ्हाईक पस्तिशीच्या पुढचं, गावाकडचं असेल तर फेसबुक. लग्नाची साडी, मेंदी, केक, फोटोग्राफी असेल तर इन्स्टाग्राम. धंद्यासाठी पेज काढा, वैयक्तिक प्रोफाइलवर धंदा करू नका. तिथे पाच हजार मित्रांची मर्यादा आहे. आठवड्याला तीन पोस्ट नेमानं झाल्या तर खूप.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपवाल्यांनी रीलच्या मागे लागू नये. लेथ, फाउंड्री, हायड्रॉलिकचं काम शोधणारा माणूस गुगलवर शोधतो, घाऊक व्यापाराच्या साइटवर शोधतो. त्याला यंत्रांची यादी, किती लांबी-व्यासाचं काम होतं, कोणत्या धातूत होतं, आणि झालेल्या कामाचे स्वच्छ फोटो द्या. ते एका पीडीएफमध्ये करून व्हॉट्सॲपवर तयार ठेवलंत तर तुमचं निम्मं काम झालं.

पैसे देऊन जाहिरात

वही, नकाशा, कॅटलॉग आणि झटपट उत्तरं तयार असल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. विचारणा आली आणि उत्तर द्यायला दोन दिवस लागले, तर जाहिरातीचे पैसे गेले.

"बूस्ट" चं निळं बटण दाबण्याऐवजी फेसबुकच्या जाहिरात व्यवस्थापकात (Ads Manager) जाऊन व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात निवडा. वस्तू एकच. ठिकाण निवडताना "कर्नाटक" घेऊ नका, नकाशावर पिन टोचून आपल्या भोवतीचे वीस-पंचवीस किलोमीटर घ्या. मराठीची एक जाहिरात, कन्नडची वेगळी. तिथे प्रेक्षकांची भाषा निवडायची सोय आहे, पण तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण आपल्याकडे बहुतेकांचा फोन इंग्रजीवरच असतो. जाहिरातीतली भाषाच आपलं माणूस ओढून आणते.

रोज दोनशे रुपये, पाच दिवस. हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. समजा वीस मेसेज आले, पाच जणांनी घेतलं. एका गिऱ्हाइकामागे २३६ रुपये पडले. तुमच्या एका डब्यावर दीडशे रुपये सुटत असतील तर ही जाहिरात तोट्याची. पण तेच गिऱ्हाईक दरवर्षी येणार असेल तर फायद्याची. हे गणित वहीतच करा, जाहिरातवाल्या एजन्सीच्या चकचकीत रिपोर्टात ते सापडत नाही.

शिनोळीला डबा पाठवणं आणि बंगळूरला पाठवणं

आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ याचा आहे. बेळगावहून बंगळूर पाचशे किलोमीटर, पण ते आपलं राज्य. वेंगुर्ला रस्त्यावरचं शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्र. निपाणीवाल्यांना कागलचंही तसंच. जीएसटीसाठी शिनोळीला पाठवलेला डबा परराज्यातली विक्री धरली जाते.

नियम असा: करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ४० लाखांपर्यंतची सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना आहे. काही हस्तकलेच्या वस्तूंना वेगळी सवलत आहे. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरणाऱ्या) दुकानदाराला परराज्यात माल विकताच येत नाही. ई-कॉमर्स साइटवर नोंदणी नसलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून माल विकता येतो, तोही आपल्याच राज्यात. मुलगी कोल्हापुरात, बहीण चंदगडला, मामा सावंतवाडीला, असं आपलं नातं पसरलेलं असतं. त्यामुळे ऑनलाइन सुरू केलं की पहिली ऑर्डर सीमेपलीकडूनच येते. सीएकडे एक तास बसा, आपला माल आणि आपलं गिऱ्हाईक सांगा, मगच पार्सल पाठवा. २०२५ च्या जुलैत यूपीआयच्या उलाढालीवरून कर्नाटकात छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा गेल्या, तेव्हा किती जणांची झोप उडाली होती ते आपण पाहिलंय. घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे एकाच क्यूआरवर घेऊ नका. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीही हवी, तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर छापा.

पार्सलचं वजन खोक्यासकट धरलं जातं. एक किलो चटणी खोक्यात गेली की सव्वा किलो भरते आणि दर वरच्या टप्प्यात जातो. म्हणून आम्ही बाहेरगावासाठी पाऊण किलोचं पाकीट केलं. चटणीला तेल सुटतं, त्यामुळे आतलं पाकीट सील, बाहेर दुसरं, मग खोकं. पाठवण्याआधी काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा, पत्ता दिसेल असा फोटो गिऱ्हाइकाला पाठवते. "पोचलं काय?" असे फोन निम्म्यानं कमी झाले.

फसवणूक

गेल्या दिवाळीत एका अनोळखी नंबरावरून ३४०० रुपयांची ऑर्डर आली. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला, रिक्षावाला दारात उभा, घाई घाई. मी माल दिला. बँकेत पैसे आलेच नव्हते. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना एकच नियम: आपल्या बँकेचा मेसेज किंवा आपल्या ॲपमधली जमा बघायची, समोरच्याचा फोन नाही. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे दुकानातल्या पोराला आणि घरातल्या सासूबाईंना दहा वेळा सांगा. "तुमचं पेज चोवीस तासांत बंद होणार, इथे लॉगिन करा" असा मेसेज आला तर उघडू नका. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा. वेळ गेला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

वर्षाचं वेळापत्रक

प्रत्येक धंद्याचा हंगाम वेगळा, पण तयारी महिनाभर आधी लागते. सौंदत्तीची यल्लमा यात्रा, चिंचलीची मायाक्का, वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती, डिसेंबरात सुवर्णसौधातलं विधिमंडळाचं अधिवेशन, लग्नसराई. कोणत्या दिवसांत तुमच्याकडे गर्दी असते ते वहीतून काढा आणि त्याच्या तीन आठवडे आधी पहिला फोटो टाका. ऑर्डरची शेवटची तारीख ठळक लिहा आणि ती पाळा. एकदा "चालतंय, देते" म्हटलं की पुढच्या वर्षी कुणी तारीख मानत नाही.

आमचं वर्ष महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होतं. गच्चीवर मिरची पसरली की पहिलं स्टेटस जातं, मार्चमध्ये बुकिंग, मे अखेरीस शेवटचं कांडप. मृगाचा पाऊस लागला की हवा दमट होते, मग आम्ही करत नाही. त्या दिवशी मी कॅटलॉगमध्ये चटणीसमोर "माल संपला, आता मार्चमध्ये" असं लिहिते. तरी जून-जुलैत फोन येतातच. त्या प्रत्येकाला "पुढच्या वर्षी विचारा" हे लेबल लागतं, आणि वहीत नाव, गाव, किती किलो, मराठी की कन्नड हे उतरतं. गेल्या पावसाळ्यात अशी बासष्ट नावं झाली. फेब्रुवारीत पहिला मेसेज त्यांनाच गेला, स्टेटस टाकायच्याही आधी.